डाव्या कौलाचं बटण

काजूच्या बोंडूंचा वास काही सभ्य वास नव्हे. गोड, आंबूस, घशात थोडा अडकणारा; एकदा घरात शिरला की दारं-जनेलं, खिडक्या सगळं लावून घेतलं तरी हटत नाही. चैत्रात आमच्या पेडण्याच्या डोंगरउतारावरून तो खाली येतो आणि न बोलावलेल्या पाहुण्यासारखा मागच्या पडवीत बसून राहतो. त्यानं माझ्या सुनेचं डोकं दुखतं. शेजारच्या भाटीवाल्याला त्यात हुर्राक दिसते, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू. मला एअरकंडिशनर आठवतो.

म्हातारीचं काहीतरी बिनसलंय, असं हे वाचून कुणाला वाटेल. वाटू दे. आमच्या घरात तसं वाटणारे दोघं आहेत आणि त्यांच्याकडे त्याचे रंगीत आलेखही आहेत. माझा मुलगा निखिल आणि सून श्वेता पोर्वरीला एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहतात. यंदाचा काजूचा हंगाम सुरू झाल्यापासून त्यांचं एकच चाललंय: आईनं पेडण्याचं घर सोडून त्यांच्याकडे यावं आणि घरामागचा हा डोंगर दिल्लीच्या एका गृहस्थाला द्यावा. विमानतळ झाल्यापासून आमच्या गावात दिल्लीचे गृहस्थ बोंडूंसारखे टपाटप पडतात. त्यांना काजू नको, सावली नको. त्यांना डोंगर सपाट हवा आणि त्यावर पोहायचा हौद हवा. मला इथंच राहायचंय आणि इथंच मरायचंय. एवढं साधं भांडण आहे.

पण निखिल भांडत नाही. तो मोजतो. माणसांची झोप, पावलं, नाडी मोजणारी यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत तो मोठा कोणीतरी आहे. गेल्या दिवाळीला त्यानं माझ्या मनगटाला एक घड्याळ बांधलं. बिनकाट्याचं, काळं, गोचिडीसारखं चिकटून बसणारं. त्याबरोबर स्वयंपाकघरात एक बोलका डबाही आणून ठेवला. त्याला विचारलं की तो बाईच्या आवाजात हवामान सांगतो. हवामान बघायला मला पडवीत जावं लागतं ते वाचावं म्हणून. मी त्या डब्यावर रिकामी बरणी उपडी घालून ठेवली आहे. आतून ती बाई अधूनमधून काहीतरी पुटपुटते, सासूपुढं पुटपुटणाऱ्या सुनेसारखी.

मी जुन्या वळणाची आहे म्हणून असं करते, असा समज नको. हे सगळं जिथून सुरू झालं तिथं मी हजर होते.

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षीचा काजूचा हंगाम. डिचोलीत एका बार्जमालकाच्या कचेरीत गावातली पहिली थंड खोली तयार झाली. कॉम्प्युटरसाठी. माणसं बाहेर पंख्याखाली घाम पुसत खनिजाची बिलं करत आणि यंत्र आत गारव्यात बसे. कचेरीच्या पाठीमागं भाटी होती. कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडात, बोंडू तुडवत, रस निथळत राही, चुलीवर मडकी चढत. त्या थंड खोलीच्या फटींतून तो सगळा वास गार होऊन आत येई. म्हणून माझ्या डोक्यात भविष्यकाळाला कायमचा हुर्राकेचा वास लागलाय.

त्या खोलीत बसायची ती मी. सुलक्षा. पणजीत कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, नुकतीच विशी ओलांडलेली, आणि अक्कल अजून वाटेत कुठंतरी बसची वाट बघत उभी. ती मुलगी आज मला रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या कडेनं जाईन. ती एप्रिल महिन्यात डिचोलीच्या बसमधून स्वेटर घालून यायची. लोकांना कळायला हवं ना, की ही एअरकंडिशनमध्ये बसते. घामानं पाठ भिजून चिंब, कपाळावरून ओघळ, पण स्वेटर उतरवायची नाही. कोळणीशी बांगड्याचा भाव करताना “इनपुट” असा शब्द वापरायची. कोळीण म्हणायची, “इनपूट ना बाय आज, बांगडोच आसा.” आणि ती मुलगी समोरच्या बाईच्या अडाणीपणावर हळहळत घरी यायची.

माझे बाबा त्याच कचेरीत बिलं करत. त्यांच्या शब्दावर मला नोकरी मिळाली होती. ही गोष्ट मी कुणाला सांगत नसे. मी माझ्या बुद्धीवर आले आहे असा माझा समज होता आणि बाबा इतके भले, की त्यांचाही तोच समज झाला होता.

मालक दामूबाब. त्यांच्या बार्ज डिचोलीच्या नदीतून खनिज भरून खाली मुरगावच्या बंदरापर्यंत जात. माणूस पैशानं मोठा, पण देवाला विचारल्याशिवाय काही करत नसे. आमच्याकडं देवाला विचारायची रीत अशी: मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाण्यानं फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि गप्प बघत राहायचं. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय. डावीकडची पडली तर नाही. याला कौल म्हणतात. दामूबाबांनी नवी बार्ज कौलानं घेतली, मुलीचं लग्न कौलानं केलं, मोतीबिंदू कौलानं काढला आणि कॉम्प्युटरही कौलानंच आणला. उजवी पाकळी पडली म्हणून माझी नोकरी जन्माला आली. हे मला तेव्हा फार कमीपणाचं वाटे. विज्ञानाचं एवढं मोठं यंत्र, आणि त्याचा जन्म जास्वंदीच्या पाकळीतून.

खोलीत धूळ चालायची नाही, म्हणून मीच दारावर पाटी लावली: चपला बाहेर काढाव्यात. तिथंच घात झाला. आमच्या माणसांनी चपला काढल्या की त्यांचे हात आपोआप जोडले जातात. आत अंधार, गारवा, मध्यभागी हिरवा उजेड आणि पुढं एक बाई गंभीर चेहऱ्यानं बसलेली, तीही उन्हाळ्यात स्वेटर घालून. शिपाई पहिल्या दिवशी उंबऱ्यातूनच म्हणाला, “सायबिणी, नारळ खंय ठेवूं?”

त्या वर्षी गोव्यात भाषेवरून माणसं एकमेकांचं तोंड बघत नव्हती. आमच्या कचेरीतही कोकणीवाले एका मेजावर जेवत आणि मराठीवाले दुसऱ्या. माशाची आमटी दोन्हीकडं एकच. कॉम्प्युटरला दोन्ही भाषा येत नव्हत्या, त्यामुळं दोन्ही मेजांचा त्याच्यावर सारखाच विश्वास. आपल्याला जे समजत नाही तेवढंच निःपक्षपाती असतं असं माणसांना वाटतं. पुढं सारा जन्म मी कॉम्प्युटर विकले, बसवले, शिकवले ते याच एका समजुतीच्या जिवावर.

जेवणानंतर कचेरी सुस्त पडे. बाहेर ऊन रटरटत असे, पाठीमागं भाटीवर कुणीतरी खोकत असे. अशाच एका दुपारी कंटाळून मी पडद्यावर फुल्याफुल्यांची एक मूर्ती काढली आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक हिरवी पाकळी लावली. प्रश्न मनात धरायचा, बटण दाबायचं. मग एक पाकळी थरथरायची आणि हळूहळू खाली सरकत पडद्याच्या तळाशी जायची. थरथर मी मुद्दाम घातली होती. पाकळी चटकन पडली असती तर कुणी विश्वास ठेवला नसता. आज निखिलच्या फोनला काही विचारलं की उत्तर येण्याआधी टिंबं नाचतात ना, तीच ही थरथर. आत काही चाललेलं असो वा नसो, बाहेर थोडं कण्हावं लागतं. गिऱ्हाइकाला वाटतं, बिचारं किती विचार करतंय.

आतली गोष्ट अशी: कीबोर्डवरचं सगळ्यांत लांब बटण दाबलं की उजवी पाकळी पडे. दुसरं कुठलंही दाबलं की डावी. बटण अर्थातच मी दाबायची.

पंधरवड्याच्या आत दारात चपलांची रास. क्लार्क, खलाशी, कुणाची मावशी, कुणाचा भाचा. विहिरीला पाणी लागेल का, मुलगा पास होईल का, भाऊ जमीन वाटून देईल का. मी डोळे अर्धवट मिटून “प्रश्न मनात धरा” म्हणायची. एका क्लार्कला मी स्कूटर घ्यायला लावली, कारण मला तिच्यावर मागं बसून म्हापशाला जायचं होतं. एका बाईला मी डावा कौल दिला, कारण ती माझ्या स्वेटरकडं बघून हसली होती. तिचा प्रश्न काय होता हे मला आजही माहीत नाही. तिनं तो मनात धरला होता.

क्रूर वाटतं? तसं तर फोनही हेच करतो. फक्त त्याला म्हापशाला जायचं नसतं, त्याच्या मालकाला जायचं असतं.

त्याच हंगामात पेडण्याचं स्थळ आलं. मुलगा मोहन. पेडण्याच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करायचा. मी त्याला एकदा दुरून बघितलं होतं: डोळ्यात भिंग अडकवून, पाठीला कुबड काढून, चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग धरून बसलेला. मला हसू फुटलं. मी पुढच्या शतकात निघालेली, आणि हा मागच्या शतकातल्या किड्यांची ऑपरेशनं करणारा. वर त्याच्या आईची अट: सून घरात हवी, डिचोलीला बसनं हिंडणारी नको. म्हणजे थंड खोली गेली, स्वेटर गेला, चपलांची रास गेली. मला ती नोकरी हवी होती. दुसरं काही म्हणजे काहीच नको होतं.

बाबांनी देवळात जाऊन कौल घेतला. उजवा आला. ते घरी आले तेव्हा त्यांच्या धोतरावर बोंडूंच्या रसाचे डाग होते आणि चेहरा उजळलेला. “देवाचा उजवा पडला गो,” ते म्हणाले. “आता काय राहिलं?”

“बाबा,” मी म्हटलं, “एकदा मशिनात बघूया.”

 त्यांच्या मनात देव एका तागडीत आणि मशीन दुसऱ्या तागडीत, हे मला दिसत होतं. देव घरचा, फुकटचा, वंशपरंपरेचा. मशीन मुंबईहून ट्रकनं, गवताच्या पेंढ्यात बसून आलेलं. शेवटी ते म्हणाले, “बघू. बघायला काय जातं?”

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी उंबऱ्याशी वहाणा काढल्या. आत येऊन माझ्या कदेलीमागं, खुर्चीच्या पाठीशी, हात जोडून उभे राहिले. स्वतःच्या मुलीच्या पाठीमागं. मी एक बोट उचललं आणि कोपऱ्यातलं बटण दाबलं. डावी पाकळी थरथरली. किती सुरेख थरथरली. बाबांनी ती तळाशी पोचेपर्यंत श्वास सोडला नाही. मग हळूच म्हणाले, “देव एक म्हणतो, हे एक म्हणतं.” आणि मग, वहाणा पायात घालताना, “देवाला कॉम्प्युटरचं काय कळणार म्हणा.”

स्थळ मोडलं. मी घरी येताना बसमध्ये खिडकीशी बसले, आणि त्या दिवशी मला स्वेटरमध्ये उकडलंसुद्धा नाही.

हंगाम उताराला लागला. झाडांवर बोंडू विरळ झाले, उरले त्यांना मुंग्या लागल्या, भाटीवरचा शेवटचा धूर पातळ झाला. खाणींचाही हंगाम पावसाबरोबर संपतो. बार्ज नदीकाठी दोरखंडांनी बांधून ठेवतात आणि कचेरीत पावसाळ्यापुरती कुणाला ठेवायचं, कुणाला पाठवायचं ते ठरतं. दामूबाब हे दरवर्षी देवाला विचारून ठरवत. त्या वर्षी ते उठून देवळाकडं निघाले, पोर्चपर्यंत गेले आणि परत फिरले. “घरातच आहे तर बाहेर कशाला?” म्हणाले.

त्यांनी थंड खोलीत येऊन माझ्याच कदेलीवर बैठक मारली. बाबा यादी घेऊन बाजूला उभे. मी यंत्राशेजारी. दामूबाबांनी एकेक नाव घ्यायचं, बटण दाबायचं.

आता त्यांना कुठलं बटण ठाऊक होतं? मीच शिकवलेलं. यंत्र आलं तेव्हा ते घाबरून विचारत होते, “अडकलं तर काय करू गो?” आणि मी म्हटलं होतं, “दामूबाब, काही झालं तरी हे कोपऱ्यातलं दाबायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही.”

पहिलं नाव त्यांनी माझं घेतलं. यादीत मी सगळ्यांत शेवटी लागलेली, म्हणून बहुधा. “ही सुलक्षा. पावसात ठेवायची?” त्यांचं जाड, अंगठीवालं बोट हवेत उचललं गेलं. मला ते आजही दिसतं. कोपऱ्याकडं निघालं होतं ते, न चुकता, आज्ञाधारक मुलासारखं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: दामूबाब, ते नको, लांब दाबा. पण का? असं बाबांनी विचारलं असतं. बाबा दोन हात अंतरावर उभे होते, यादीसकट हात जोडून. मी तोंड उघडलं, थंड हवा आत घेतली आणि मिटलं.

डावी पाकळी थरथरायला लागली. मीच घातलेली थरथर. इतकी लांब का ठेवली असेल मी ती?

दामूबाबांना वाईट वाटलं असावं. निदान त्यांनी तसा चेहरा केला. “मशीननंच सांगितलं गो सुलक्षा,” ते म्हणाले. “मी काय करणार?”

मग त्यांनी पुढची नावं घेतली. सगळीच डावी. पण दोन नावांनंतर त्यांना संशय आला, की यंत्र आज रागावलंय. बाकीच्यांसाठी ते देवळात गेले. देवानं बऱ्याच जणांना ठेवलं. माझ्यासाठी मात्र देवाला कुणी विचारलं नाही, कारण माझा निकाल आधीच लागला होता. वरच्या कोर्टात.

त्या संध्याकाळी बाबा आणि मी बसला न थांबता चालत घरी आलो. वाटेत बाबा एवढंच म्हणाले, “पण यंत्र खोटं बोलत नाही हे बरं आहे. माणूस असता तर राग आला असता.”

यावर मी पुढं पुष्कळ विचार केला. माझ्या धंद्यात विचार करायला वेळ मिळे. प्रिंटर अडकलेले असत. दुकानदारांना हिशेबाची सॉफ्टवेअर बसवून दिली, मोरजीपासून हरमलपर्यंतच्या हॉटेलांना खोल्यांची नोंद करायला शिकवलं, म्हापशात पोरांचे वर्ग घेतले. दर दोन वर्षांनी कुणीतरी टाय लावून येई आणि आता हे नवं यंत्र जग बदलणार म्हणून सांगे. फ्लॉपी गेली, सीडी आली, सीडी गेली, सगळं कुठल्याशा ढगात गेलं. लोक विचारत, मॅडम, यात नेमकं नवं काय? मी त्यांना वेग, साठवण वगैरे सांगत असे. खरं उत्तर मला दामूबाबांनीच शिकवलं होतं. नवं यंत्र माणसाला एकच गोष्ट नव्यानं देतं: “मी काय करणार” असं म्हणायची सोय. बँकेतला मुलगा म्हणतो, सिस्टम घेत नाही, मी काय करणार. इस्पितळातली मुलगी म्हणते, स्क्रीनवर तुमचं नाव नाही, मी काय करणार. आधीही ते नाहीच म्हणत होते. पण तेव्हा त्यांना तोंड वर करून बघावं लागे.

नोकरी गेल्यावर बाबा पुन्हा पेडण्याला गेले. मोहनच्या आईनं त्यांना पडवीत बसवलं, पाणी दिलं, गूळ दिला आणि विचारलं, “आता तुमचां मशीन काय म्हणता?” बाबांनी पाणी संपवलं. पुढच्या चैत्रात, बोंडूंच्या वासात, माझं लग्न झालं. ज्याला डावा दिला, त्याच्याच उजव्या हाताला. सासूची अट डिचोलीपुरती होती; कॉम्प्युटरचा धंदा मी पुढं पेडण्यातूनच केला.

मोहनला मी लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी बटणांची गोष्ट सांगितली. भिंग काढून ठेवून तो इतका हसला, की त्याच्या मेजावरचे स्क्रू उडाले. “म्हणजे नोकरीपेक्षा मी वाईट, हे तू मशिनाकडून वदवून घेतलंस,” म्हणाला. त्यानंतर आमटी खारट झाली की विचारी, “लांब दाबलंस की कोपऱ्यातलं?” बॅटरीची घड्याळं आली तेव्हा त्याचं दुकान हळूहळू बसलं. मी त्याला हसले नाही. एकदाच हसले. तोही मरून आता काही वर्षं झाली. त्याच्या घरात त्याच्याच मुलानं हे काळं घड्याळ आणलं, ज्याला उघडून बघायलासुद्धा जागा नाही. मोहननं ते उलटंसुलटं करून म्हटलं असतं, हे घड्याळ नाही, हा पहारेकरी आहे.

आता माझी हुशारी ऐका. इतकी वर्षं गेली, केस पांढरे झाले, पण ती स्वेटरवाली मुलगी अजून आत बसलेली आहे. मला ते घड्याळ सोसेना, म्हणून मी ते टायगरला बांधलं. टायगर म्हणजे आमचा कुत्रा. पुढच्या पायाला, आतल्या बाजूनं, केस विरळ असतात तिथं. निखिल यायच्या दिवशी तेवढं काढून माझ्या हाताला लावायची. सुरुवातीला फार गंमत आली. निखिलचा फोन येई, “आई, आज पहाटे केवढी चाललीस. शाब्बास.” मी म्हणायची, “हो रे, डोंगरावर जाऊन आले.”

पण टायगर पहाटे हुंदडतो आणि मग दिवसभर फणसाखाली मेल्यासारखा पडतो. माकड दिसलं की त्याचं काळीज उडी मारतं. रात्री तो जागा असतो, दिवसा झोपतो, आणि बोंडू खाल्ले तर त्याची नाडी बेवड्यासारखी चालते. हे सगळं घड्याळानं इमानानं टिपलं आणि पोर्वरीला कळवलं. निखिल तोंड बारीक करून आला. आईची झोप मोडली आहे, आई अकारण धावते, मग कोसळते, दुपारी तिचं हृदय भलतंच काहीतरी करतं. लाल रेघा, पिवळ्या रेघा. “आई, तुला एकटीला इथं ठेवणं धोक्याचं आहे,” तो म्हणाला. “काल तीनच्या सुमारास काय झालं होतं तुला?”

काल तीनच्या सुमारास टायगर मांजराच्या मागं लागला होता.

पुन्हा तीच थंड खोली. खरं सांगावं, तर म्हातारी कुत्र्याला घड्याळ बांधते. म्हणजे डोकं गेलं, चला पोर्वरीला. खोटं ठेवावं, तर हृदय गेलं, चला पोर्वरीला. मी तोंड उघडलं. हवा आत घेतली. मिटलं. माणूस आयुष्यात दोनदा एकाच बटणावर मरतो, हे मला नव्यानं कळलं.

परवाच्या रविवारी दोघं कागद घेऊनच आले. आम्ही मागं काजूंमध्ये उभे होतो. जमिनीवर बोंडू फुटून पडलेले, त्यांच्यावर माशा, पलीकडं कुणाच्या तरी सपाट केलेल्या डोंगराची तांबडी माती. निखिलनं फोन वर धरला. माझ्या सगळ्या रेघा त्यानं त्यात घातल्या होत्या आणि विचारलं होतं, अशा आईसाठी पोर्वरीत राहणं का चांगलं. टिंबं नाचली असणार. मग फोननं गोड मराठीत लिहून दिलं होतं, की पोर्वरीत राहणंच चांगलं. प्रश्नातच बोट कोपऱ्याकडं निघालेलं होतं, पण हे मी त्याला कुठल्या तोंडानं सांगणार?

“आई, मी नाही म्हणत,” निखिल म्हणाला. “डेटा म्हणतोय. मी काय करणार?”

तेच वाक्य. अंगठीसुद्धा तशीच आहे त्याच्या बोटात.

“काही नाही करायचं,” मी म्हटलं. “फक्त राखणदाराला एकदा विचारू. मग तू म्हणशील तिथं सही करते.”

राखणदार म्हणजे डोंगराच्या मधोमध जांभळीखाली उभा असलेला काळा दगड. जागेचा धनी तो; आम्ही नुसते कागदावरचे. निखिल हसला. श्वेता नाही हसली. ती मुळगावची. तिच्या वडलांनी राखणदाराला न विचारता शेत खाणीला दिलं म्हणून विहीर गढूळ झाली, असं त्यांच्या घरात मानतात. विहीर खाणीमुळं गढूळ झाली, पण भीतीला एवढं शिक्षण लागत नाही. “विचारूया रे,” ती नवऱ्याला म्हणाली. “आपलं काय जातं?” बाबांचंच वाक्य. मला तिचा तेव्हा फार लळा आला.

गाऱ्हाणं घालायला गावात गुरव होता, तो विमानतळावर सिक्युरिटीला लागला. तेव्हापासून आमच्याकडं ते मीच घालते. मी जास्वंदीच्या दोन पाकळ्या खुडल्या. तांब्यातलं पाणी घेतलं. उजवीला बोट ओलं करून अलगद दाबली, जेमतेम दमट. अशी पाकळी दगडाला धरून बसते, सुकेपर्यंत सोडत नाही. डावीला ओंजळभर पाणी. ती चिकटवतानाच घसरायला बघत होती. “बा राखणदारा म्हाराजा,” मी सुरू केलं, “ही जागा दिल्लीच्या माणसाक देवची काय? देवची तर उजवो दी. नाय तर डावो दी.” श्वेतानं मागून “व्हय म्हाराजा” म्हटलं आणि डोळे मिटले.

निखिल उभा राहून बघत होता. चपला त्यानं कधी काढल्या ते मला कळलं नाही, पण काढल्या होत्या. डाव्या पाकळीखाली पाण्याचा थेंब जमला. पाकळी थोडी सरकली. थांबली. वारा नव्हता, तरी कड थरथरत होती. निखिलच्या मनगटावरचं घड्याळ गुरगुरलं. जरा बसा, लांब श्वास घ्या, असं ते त्याला सांगत असावं. त्यानं ते दुसऱ्या हातानं दाबून गप्प केलं. त्याचा चेहरा मी ओळखला. दामूबाबांची पाकळी पडताना बघणाऱ्या विशीतल्या एका मुलीचा होता तो. स्वेटर तेवढा नव्हता.

डावी पाकळी पडली.

मी हात जोडले, वाकून दगडाच्या पायाशी डोकं टेकलं, उठले आणि तोंड होता होईल तेवढं बारीक केलं.

“देवानंच सांगितलं रे निखिल,” मी म्हटलं. “मी काय करणार?”